माणसाच्या दातांचे मासे

५ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा आता जिना चढू देतो असं तुझ्या लेकाकडून कळलं, बरं वाटलं. फोनवर तू येत नाहीस म्हणून हे पत्र. आयुष्यभर टेलिफोनच्या खोलीत बसून तू अख्ख्या शहराला एकमेकांशी बोलायला लावलंस, आणि सख्ख्या बहिणीचा फोन आला की 'आई झोपलीय'. सकाळी दहाला झोपलीय, दुपारी चारला झोपलीय. एवढी गाढ झोप तुला लहानपणी लागत असती तर मला रात्रभर तुझ्या लाथा खाव्या लागल्या नसत्या.

तीन वर्षं झाली तू माझ्याशी बोलली नाहीस. त्या दिवसाबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं मी ठरवून बसले आहे. फक्त बातम्या लिहिते. वाच किंवा फाडून टाक, पण फाडायच्या आधी माशांपर्यंत तरी ये.

डिसेंबरात मी काम सोडलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कवळ्या केल्या, आता डोळे दमले. निरोपाला आमच्या दातांच्या डॉक्टरांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यात आकड्यांच्या जागी बारा दाढा आहेत. ते बाहेरच्या खोलीत लावलं तर आल्यागेल्याची जेवणाची वासना उडेल, म्हणून मी ते न्हाणीघरात लावलंय.

आणि मी आपल्या घरात राहायला आले. 'आपल्या' असंच लिहिते, कारण ते आपण दोघींनी पसंत केलं होतं. आधीच्या रोपवाल्यानं झाडांना पाणी घालायला खणलेलं मागचं तळं बघून तूच म्हणाली होतीस की बाकी काही बघायला नको. पंचवीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, आणि पाणी माझ्या हनुवटीपर्यंत, म्हणजे तुझ्या खांद्यापर्यंत. दोन खोल्यांच्या खिडक्या तळ्यावर उघडतात. पूर्वेकडची तुझी ठरली होती, ती मी रोज झाडते. तिथे मी माझं काहीही ठेवलेलं नाही. शिवणयंत्र ठेवलं होतं, तेही परवा काढलं.

तर मासे. नुसतं पाणी बघून कंटाळा आला, म्हणून मी शहराबाहेरच्या मासेवाल्याकडे गेले. खायचे मासे विकणारा नव्हे, तळ्यात सोडायला जिवंत पिल्लं विकणारा. गळ्यात चष्मा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक माशाला तो मुलगी देणार आहे. मी म्हटलं, चार-सहा लाल मासे द्या, दिसायला बरे दिसतील.

"लाल मासे सगळ्यांकडे असतात," तो म्हणाला. "तुम्ही काय काम करता?"

"करत होते. कवळ्या."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, शेजारच्या हौदात जाळी घातली आणि ताटाएवढा एक चपटा, करडा मासा वर काढला. अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ ओढला. ताई, आत माणसाचे दात होते. अगदी माणसाचे. चौकोनी, रुंद, एकाला एक लागून बसलेले. मी चष्मा बदलून परत पाहिलं. एखाद्या धष्टपुष्ट दुकानदाराच्या तोंडात शोभतील असे दात.

"याला पाकू म्हणतात," मासेवाला म्हणाला. "मांसासाठी नाहीत हे दात, फळं आणि कठीण बिया फोडायला आहेत. बोट मात्र घालू नका. त्याला बी आणि बोट यांतला फरक कळत नाही."

मी तिथल्या तिथे सहा घेतले, वीतभर लांबीचे. त्यावर त्यानं एक पांढराफेक, लांब मिशांचा, गुलाबी डोळ्यांचा मासा मला असाच दिला. बाबांची शपथ, तो आपल्या हेडमास्तरांसारखा दिसतो, त्यामुळे त्याचं नाव हेडमास्तर. तो दिवसभर तळाशी बसतो आणि सगळे खाऊन गेले की बाहेर येतो.

मासेवाल्यानं मला दोन गोष्टी बजावल्या. तळ्याचं पाणी जिथून बाहेर जातं तिथे बारीक जाळी ठोकायची, म्हणजे हे परके मासे ओढ्यात जाऊन तिथल्यांचं वाटोळं करणार नाहीत. ती मी स्वतः ठोकली. दुसरं, घरी नेल्यावर मासे एकदम पाण्यात सोडायचे नाहीत. पिशवी बंदच ठेवून तळ्यावर तरंगू द्यायची, आतलं पाणी बाहेरच्याइतकं होईपर्यंत. घाई केली तर मासा दचकतो आणि मरतो. मी काठावर पाऊण तास बसले. मला कधी एवढा धीर धरता आला होता? तूच सांग.

सगळे जगले.

तुझी बहीण

---

१८ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, तरी मी लिहिते. तुझा लेक सांगत होता की आई पत्र वाचते, चष्मा पुसते, परत वाचते आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवते. बिस्किटं काढून ठेवते की बिस्किटांवरच, ते त्याला विचारायचं राहिलं.

तो आणखी एक बोलला, ते मात्र मला लागलं. तू सगळं भिजवून, कुस्करून खातेस म्हणे. तीन वर्षांत तू दुसऱ्या कुणाकडून कवळी करून घेतली नाहीस. मला वाटलं होतं, कुठूनतरी केली असशील. शहरात माझ्यासारखे पन्नास जण आहेत. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक म्हणतात. तुझ्या घरात चणेही आहेत आणि दात करणारी बहीणही आहे, आणि तू पाव दुधात बुडवून बसली आहेस.

असो. बातम्या लिहिते.

मला एक कबुली द्यायची आहे. घर घेतल्यावर तू तुझ्या गच्चीवरच्या टपातले कमळाचे कंद आणून तळ्यात लावले होतेस, आठवतं? चार वर्षांत त्यांनी निम्मं तळं व्यापलं होतं. ती कमळं माशांनी खाल्ली. आठ दिवसांत पानं गेली, पंधराव्या दिवशी देठ. मासेवाल्याला विचारायला गेले तर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत की हे पाला खातात का, नाहीतर मी सांगितलं असतं." बरोबरच आहे त्याचं. तळाशी कंद शिल्लक आहेत. मी त्यांच्यावर तारेचा पिंजरा उपडा घातलाय. त्यासाठी गळ्याइतक्या पाण्यात उतरावं लागलं. हेडमास्तर माझ्या पायाला मिशा लावून गेला, तेव्हा मी जे ओरडले ते शेजारी ऐकू गेलं.

शेजारी म्हणजे चेकरसाहेब. रेल्वेत तिकिटं तपासायचे, आता घरी असतात. ते कुंपणावरून डोकावले, मासे पाहिले आणि त्या दिवसापासून कामाला लागले. मी कुणालाही बोलावलं नव्हतं, पण चेकरसाहेबांनी भाजीवाल्याला सांगितलं, भाजीवाल्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि आता रविवारी लोक येतात. चेकरसाहेब फाटकाशी उभे राहतात. एका वेळी दहा जण, चपला एका रांगेत, पाण्यात हात घालायचा नाही. परवा एकाला त्यांनी बाहेर काढलं, कारण तो आधी एकदा आत येऊन गेला होता. मी म्हटलं, साहेब, दोनदा आला तर काय बिघडतं? म्हणाले, "आज एकाला सोडलं की उद्या सगळेच डब्यात चढतात."

मासे आता दोन वितींचे झालेत. मी अक्रोड देते. मासा वर येतो, तोंड उघडतो, सगळे दात दाखवतो आणि अक्रोड फोडतो. कट्ट असा आवाज ओट्यापर्यंत येतो. लोक पोट धरून हसतात. मलाही मौज वाटते. माझ्या घरात एवढं हसणं कधी नव्हतं. खरं सांगायचं तर मी सुखात आहे, ताई. सकाळी उठते, चहा घेऊन तळ्याशी बसते, माशांच्या बत्तीशीवर नजर टाकते. चाळीस वर्षांत असे तयार दात पाहिले नव्हते.

लिहायचं नाही म्हटलं होतं, पण हात थांबत नाही. तुझ्या लेकाच्या लग्नात जे झालं त्याचा सगळा दोष माझ्या पदरात कसा, हे मला कळत नाही. मी तुला कवळी केली ती माझ्या उस्तादांनी शिकवली तशी. ते म्हणायचे, सरळ रांगेत बसवलेले दात रस्त्याच्या पलीकडून खोटे दिसतात. एखादा किंचित तिरका बसव, एखादा आखूड कर, म्हणजे माणूस आपला वाटतो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तसंच केलं आणि एकानंही तक्रार केली नाही. तुझा वरचा डावा दात उजव्यावर चढलेला होता, म्हणून मी तसाच चढवला. आता आपला आतेभाऊ सगळ्यांसमोर "अरे, किसणी आली, दातसुद्धा तेच" म्हणून ओरडला, त्याला मी काय करणार? त्याचं ते नेहमीचंच आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक हसले. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून तूही सोडून द्यायचंस. तू कवळी काढलीस, रुमालात गुंडाळलीस, माझ्या हातात ठेवलीस आणि पाठ फिरवलीस.

तू आधी एक शब्द बोलली असतीस तर मी तशी केली नसती. मला काय स्वप्न पडणार होतं?

गुडघ्याला जप.

तुझी बहीण

---

२ जुलै

ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये एक ओळ. 'माशांना अक्रोड सोडून काय घालतेस?' अक्षर बघून मी दारातच खाली बसले. चेकरसाहेब धावत आले, त्यांना वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, कुणीतरी आलंय.

तर ऐक. सकाळी भिजवलेला मका, मूठभर. दुपारी पिकलेली केळी, सालासकट. उकडलेला बटाटा आवडतो, कांद्याकडे ढुंकून बघत नाहीत. कलिंगडाची फोड तरंगत सोडली की सहाही जण खालून खातात आणि ती फोड पाण्यावर गरागरा फिरते. ते बघायला तू हवीस. हेडमास्तरला गाळ चिवडून मिळेल ते चालतं. अक्रोड फक्त रविवारी, आणि आता तोही बंद केलाय. का, ते सांगते. ते सांगायलाच आज बसले आहे.

मागच्या रविवारी नेहमीप्रमाणे दहा जण आत होते. त्यांत एक नवरा-बायको होते, चाळिशीचे. नवरा बोलका होता, मासा वर आला की तो स्वतःचे वरचे दात खालच्या ओठावर काढून त्याची नक्कल करायचा. सगळे हसत होते, मीही हसत होते. बायको त्याच्या मागे उभी होती आणि तीही हसत होती, पण तोंडावर हात ठेवून. पंजा पूर्ण उघडा, करंगळी हनुवटीला टेकलेली. ताई, तो हात मी ओळखते. तो हात मी पन्नास वर्षं पाहिलाय.

तेवढ्यात नवरा म्हणाला, "आमच्या हिला विचारा, हिच्या माहेरचे आहेत हे." लोक आणखी जोरात हसले. तिनं हात खाली घेतला नाही. ती सगळ्यांबरोबर हसत राहिली, आणि तिचे कान लाल झाले.

मी चेकरसाहेबांना म्हटलं, फाटक बंद करा. ते म्हणाले, बाहेर सात जण थांबलेत. मी म्हटलं, गाडी रद्द झाली म्हणून सांगा. त्या बाईला मी आत बसवून पाणी दिलं. म्हटलं, तुमचे दात मजबूत आहेत, असे आता बघायला मिळत नाहीत. ती म्हणाली, "मजबूत आहेत हो. पडत पण नाहीत." एवढंच बोलली आणि ग्लास विसळून ठेवून गेली.

त्यानंतर मी तळ्याशी जाऊन बसले. मासे तोंड उघडून वर आले, त्यांना वाटलं मी काही आणलंय. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, त्यांच्या तोंडाकडे बघून लोक हसतात म्हणून. तुला मात्र माहीत होतं. आठ वर्षांची होतीस तेव्हापासून माहीत होतं. सगळे तुला किसणी म्हणायचे, आणि मीसुद्धा म्हणायची. तू टेलिफोनची नोकरी धरलीस तेव्हा बाबा म्हणाले, किती चांगलं झालं. आता कळतं की तू ती का धरलीस. त्या खोलीत तुझा आवाज सगळ्यांना हवा होता आणि तोंड कुणाला दिसत नव्हतं.

एप्रिलच्या पत्रात मी लिहिलं की तू एक शब्द बोलली असतीस तर. ते खोटं आहे. तू बोलली होतीस. मला दिवस आठवतो, जागा आठवते. तू माझ्या कामाच्या खोलीत खुर्चीवर बसली होतीस, मी तुझ्या हिरड्यांचं माप घेतलं होतं, तू चूळ भरून तोंड पुसलंस आणि हळूच म्हणालीस, "या वेळी सरळ कर गं. एकदा तरी." मी हात धुत होते. मी "हो हो" म्हटलं. मी ऐकलं होतं, ताई. पाण्याचा आवाज होता, पण मी ऐकलं होतं.

तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की तिनं काही सांगितलंच नव्हतं. तुझ्या लेकाला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं. तू मात्र एकदाही कुणाला 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाहीस, हे मला तुझ्या लेकाकडूनच कळलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून तू गप्प बसलीस.

आणखी एक आहे, ते फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाला कळेल. कवळी पक्की करायच्या आधी दात मेणात बसवतात. ती मेणाची कवळी गिऱ्हाइकाच्या तोंडात घालून आरसा हातात देतात. मेण मऊ असतं, गिऱ्हाईक म्हणालं हा दात इकडे, की इकडे सरकतो. चाळीस वर्षांत मी मेण दाखवल्याशिवाय एकही कवळी पक्की केली नाही. एकच केली, ती तुझी. तुला म्हटलं, लग्नाची घाई आहे, थेट पक्की देते, घरचंच तर आहे. घाई नव्हती. मेण दाखवलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हे मला माहीत होतं.

आता कारण सांगते. ते सांगून माझा गुन्हा कमी होत नाही. आई कामाला जायची तेव्हा तू मला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचीस. मी तुझ्या डोळ्यांकडे बघत नसे, तोंडाकडे बघत असे. तो चढलेला दात दिसला की मला वाटायचं, सगळं ठीक आहे, ताई आहे. तुझे दात पडले आणि तू दारात उभी राहिलीस तेव्हा क्षणभर मला तू ओळखू आली नाहीस. मी घाबरले. मला माझी ताई परत हवी होती, आणि माझ्या हातात दात करायची कला होती. ज्या तोंडानं तुला जन्मभर लाजवलं, तेच मी तुला नवं करून दिलं. उस्तादांचं नाव मी नंतर पुढे केलं.

माझं चुकलं. मी तुझी क्षमा मागते.

जुनं माप आता उपयोगाचं नाही. तीन वर्षांत हिरड्या बसतात, म्हणजे माप परत घ्यावं लागेल आणि त्यासाठी तुला यावं लागेल. मेण मी आणून ठेवलंय. आरसाही. आरसा तुझ्या हातात असेल, आणि तू सांगशील तोवर मी काही पक्कं करणार नाही. रागावून ये, न बोलता ये, पण ये. खोलीची खिडकी आतून घासली आहे. चादर कुठली आवडेल ते माहीत नव्हतं म्हणून दोन घालून ठेवल्यात.

वाट बघणारी,
तुझी बहीण

---

२१ ऑगस्ट

ताई,

तू काल गेलीस आणि आज हे पत्र, म्हणजे टपालवाल्याला वाटेल आमचं डोकं फिरलं. पण सामान आणायला गेलेल्या माणसाला काय काय आणायचं ते सांगायला नको का? यादी शेवटी आहे. आधी बाकीचं लिहिते, कारण तू समोर होतीस तेव्हा ते बोलता आलं नाही.

तू बसमधून उतरलीस, पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "राग आहे अजून. मासे कुठायत?" मला इतकं बरं वाटलं. उतरल्या उतरल्या तू गळ्यात पडली असतीस तर मी घाबरले असते. दोन दिवस तू तळ्याशी खुर्ची टाकून बसलीस आणि माझ्याशी मका-केळ्यांपलीकडे बोलली नाहीस. मीही बोलले नाही. बंद पिशवी पाण्यावर ठेवलीय असं समजून गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी तू स्वतःच म्हणालीस, "चल, घे माप."

माझा एक प्रश्न पोटात होता, तो मी तेव्हा विचारला, की दुसऱ्या कुणाकडून का नाही करून घेतलीस. मला वाटलं होतं, तू म्हणशील, तुझ्यासाठी थांबले. तू म्हणालीस, "तुझ्यासाठी नाही हो. परक्यासमोर तोंड उघडायचं नव्हतं." बरी जिरली माझी.

मेणाच्या दिवसाबद्दल मी चेकरसाहेबांनाही सांगितलं, ते अजून हसतात. मी पांढऱ्याच्या सोळा छटा पुढे ठेवल्या आणि तू पहिलीच उचललीस, जी मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला दिलेली नाही, कारण तसा दात जन्माला येत नाही. मग पिशवीतून ऑफिसातली लाकडी पट्टी काढलीस. लाकडी पट्टी, ताई. मेणातल्या दातांना ती लावून तू एकेक दात बोटानं सरकवत होतीस, आणि मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. माझी बोटं शिवशिवत होती. एकदा मी म्हटलं, हा एक जरासा, अगदी केसभर, आत घेऊ का? तू आरशातून नुसतं माझ्याकडे बघितलंस. मी हात परत मांडीखाली घातले.

डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन ती पक्की केली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, हे तुम्ही केलंय? कुंपणाच्या फळ्या दिसतायत." मी म्हटलं, हो, मीच केलंय. उस्ताद असते तर त्यांनी मला खोलीबाहेर काढलं असतं. ते दात खोटे दिसतात. रस्त्याच्या पलीकडून नव्हे, पलीकडच्या रस्त्यावरून खोटे दिसतात.

आणि मग शेवटचा दिवस. तू कलिंगडाची फोड पाण्यात सोडलीस, ती फिरायला लागली, आणि हेडमास्तर, जो कधी दिवसा वर येत नाही, तो मध्येच मिशा वर काढून फोडीला धडकला आणि फोड चेकरसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. तू हसलीस. मी माशांकडे बघत नव्हते, तुझ्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि तिथून हलले नाहीत. तोंड सताड उघडं, सगळे वरचे दात उन्हात, आणि तुला त्याची शुद्धही नव्हती. मला तू अनोळखी दिसशील अशी भीती होती ना? दिसलीस. या बाईला मी पहिल्यांदाच भेटले. मला ती फार आवडली.

निघताना तू जुनी कवळी मागितलीस. मी डबी आणून दिली आणि मला वाटलं, आता ही ती तळ्यात टाकणार. तू ती उघडलीस, उन्हात धरलीस, चढलेल्या दातावरून अंगठा फिरवलास आणि डबी बंद करून माझ्याच हातात ठेवलीस. म्हणालीस, "मला हवे होते ते मला मिळाले. तुला हवे होते ते तुझ्याकडे राहू देत." तेवढ्यात बस आली.

डबी माझ्या उशाशी आहे.

आता यादी. उबदार पांघरूण आण, तळ्याकडून गार वारा येतो. तुझा चहाचा मोठा पेला आण, माझ्याकडचे तुला लहान वाटतात. बिस्किटांचा डबा आण, पण आतली माझी एप्रिलची चिठ्ठी काढून टाक. नको, असू दे, जे खोटं लिहिलंय तेही तुझ्याकडे राहू दे. कमळाचे आणखी कंद आण. पिंजऱ्यातल्या कंदांना आज सकाळी दोन पानं आली आहेत, ती गुंडाळलेली आहेत आणि पाण्याच्या वर आलेली नाहीत, म्हणून सहा जणांच्या अजून लक्षात आलेलं नाही. येताना अक्रोड आणू नकोस. नव्या कवळीनं तो फोडायचा नसतो, आणि तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे.

लहानपणी तू मला एका नावानं हाक मारायचीस. गेल्या तीन पत्रांखाली ते लिहायची मला हिंमत झाली नव्हती. काल बस सुटताना खिडकीतून तू तीच हाक मारलीस, अख्ख्या स्थानकासमोर, सगळे दात दाखवून.

तुझी,
ठेंगू